दोरीच्या अलीकडे

"डोये मागून," असं म्हणत पेंटरकाका पायातल्या चपला काढायचे. आर्णीच्या आसपास कितीतरी विहारांच्या भिंतींवरचे बुद्ध त्यांच्या हातचे. चीवर, हात, ओठ सगळं चपला घालून. डोळे मात्र शेवटी, अनवाणी. आमच्या शाळेची भिंतही त्यांनीच रंगवली. मी तिथला मास्तर, तेव्हापासूनची ओळख.

भिंतीला नाक लावून काम करणारे पेंटर तुम्हीही पाहिले असतील. काका दुसऱ्याचं कामही तसंच बघायचे. "ब्रश कुठं उचलला थे दिसलं पाह्यजे," म्हणायचे, "बाकी सारं फोटोतही दिसते." एका मोठ्या चित्रकाराचं चित्र त्यांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवलं होतं. त्यात नेमकं तेच दिसत नाही, ही त्यांची कित्येक वर्षांची कुरकुर.

मग काचबिंदू निघाला. गेलेली नजर येणार नाही आणि उरलेलीही फार टिकणार नाही, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "मास्तर, उरली हाये तंवर मले थे चित्र दाखवा."

धामणगावहून रेल्वेनं मुंबईला गेलो. संग्रहालयात त्या चित्रकाराचं अख्खं दालन होतं. काकांनी दाराशीच चपला काढल्या.

"चप्पल पहनो, ये मंदिर नहीं है!" रखवालदार खेकसला. काका ओशाळून हसले, चपला घातल्या आणि थेट कात्रणातल्या त्या चित्राकडे निघाले. गुडघ्याला दोरी लागली.

चित्रापासून दोन हातांवर ती दोरी. मी रखवालदाराच्या विनवण्या केल्या, डॉक्टरांचा कागद दाखवला. त्याचंही पोट त्या नोकरीवर; तो नाही म्हणाला. काका वाकले, मान तिरकी केली, एक डोळा मिटून पाहिलं.

"धुकं दिसून राह्यलं. तुमी पाहा, मास्तर. थो काया रंग जिथं सरते, तिथं ब्रश उचलला का ओढला?"

मी पाहिलं. मला काळा रंग दिसला.

"उचलला," मी म्हणालो.

"कोन्या बाजूनं?"

जन्मभर पोरांना 'नीट बघा' म्हणत आलो, आणि इथं मलाच बघता येत नव्हतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"राहू द्या," काका म्हणाले.

आता त्यांना काहीच दिसत नाही. सुरुवातीला मी गेलो की विचारायचे, दुसऱ्या चित्रात तांबडं होतं का, रंग जाड होता का. मी काहीतरी ठोकून द्यायचो, दर वेळी वेगळं. त्यांच्या ते ध्यानात आलंच असणार. हल्ली त्यांनी विचारणं सोडलं. परवा मीच विषय काढला.

"चाहा घ्या, मास्तर," काका म्हणाले, "थंडा होऊन राह्यला."