मागच्या अंगणातला उंचवटा

लॉनमोअर मागच्या अंगणातल्या उंचवट्यावर अडखळला, की परदेशातल्या आमच्या या ट्रॉय गावातला तो रविवार आठवतो. मुलीला शाळेसाठी रोमन लष्करी छावणीच्या अवशेषांचं मॉडेल करून संध्याकाळपर्यंत फोटो पाठवायचा होता. मी इथेच दिवाळीच्या किल्ल्यासारखी ओली माती रचली, बुरूज केले, वर पुण्याहून आणलेले मावळे उभे केले. ती रडवेली झाली. "बाबा, टोटली राँग. तिथे आता फक्त गवत आहे." "मग बनवायचं काय?" "जे उरलंय ते." उरलेलं कसं बनवतात, मला कळेना. शेवटी तिनेच बुरूज थापटून सपाट केले, चौकोनी बांध आणि उथळ चर तेवढा ठेवला. मुलगी आता कॉलेजला गेली आहे. बांधावर गवत वाढलंय. हे अजून मॉडेल आहे की अवशेष, मला ठरवता येत नाही, म्हणून मोअर वळवून नेतो.