अंगठे आणि उंबरे

लालबागला आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर महापालिकेचा दवाखाना आहे. आईच्या साखरेच्या गोळ्या तिथल्याच. तो वरळीला हलवणार अशी नोटीस दारावर लागली, तेव्हा मला आधी आईचे गुडघे आठवले. कोपऱ्यापर्यंत जाताना ती दोनदा थांबायची. वरळीला ती कधीच गेली नसती, आणि गोळ्या संपल्या हे आम्हाला सांगितलंही नसतं.

चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मीच. झकास मजकूर लिहिला, लाल अक्षरांचं पोस्टर केलं, 'शनिवारी दहा वाजता दवाखान्यासमोर' म्हणून टाकून दिलं. अंगठेच अंगठे आले. कुणी मुठी पाठवल्या, कुणी 'एकजुटीचा विजय असो' लिहिलं. शनिवारी आम्ही सात जण होतो, त्यातले दोघे दूध आणायला निघालेले. मी इतका चिडलो की ग्रुपच बंद करणार होतो.

आईला काही नवल वाटलं नाही. "मोबाइलार कोण आमंत्रण करता? घराक जावन सांगूक व्हया," ती म्हणाली. आमच्याकडे लग्नाची पत्रिका नुसती पोस्टाने आली तर माणसं रुसतात, हे मला ठाऊक होतं. पण आंदोलनाला कसलं आमंत्रण? "मग हळदीकुंकूपण ठेव," मी म्हणालो.

सोमवारपासून रोज दुपारी साडी बदलून ती निघू लागली. आमचे चार मजले, मग समोरची चाळ, तिथे जय भीम करत आणखी चार. प्रत्येक उंबऱ्याशी एकच वाक्य, "शनवारी या हां, वाट बघतंय." मी 'पुरे आता' म्हणत राहिलो, सोबत गेलो नाही. ऑफिस होतं. आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती.

त्या शनिवारी रस्ता भरला. बायका घरून चटया घेऊन आल्या आणि दवाखान्याच्या दारातच बसल्या. मी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, तो दुपारपर्यंत कुठच्या कुठे पोचला. संध्याकाळी एक साहेब आले आणि नोटीस काढून घेऊन गेले. 'सोशल मीडियाची ताकद', 'ॲडमिनचं अभिनंदन', पुन्हा अंगठे. मला ते आवडलं. एकालाही मी खरं सांगितलं नाही.

व्हिडिओत आई नाही. गुडघा टम्म सुजला होता, ती आमच्या तिसऱ्या मजल्यावरून उतरूच शकली नाही. बातमी सांगायला मी धावत वर गेलो.

"मग आता आभार मानूक जा," ती म्हणाली.

मी खिशातून मोबाइल काढला.

"घरोघर जा. लोकां तुझ्या मोबाइलाक नाय इली."

मी चपला घातल्या. पहिल्याच दारात काकूंनी माझ्या मागे बघत विचारलं, "आई कुठाय? आम्ही तिच्यासाठी आलो होतो रे."

दवाखाना अजून कोपऱ्यावरच आहे. आईच्या गोळ्या मी आणतो. तो जिना तिला त्यानंतर उतरता आलेला नाही.