महीच्या धुक्यात उभं राहिलेलं वल्हं

या बघू इकडे. जवळ सरका, अजून जवळ. आणि आधी थोडं बोलून घेते हं, रागावू नका… या भुताखेतांच्या सदरात सगळे पुण्याचे पिंपळ नि कोकणातल्या विहिरी घेऊन बसता, बडोद्याची कुणाला आठवण म्हणून नाही! इथे काय माणसं राहत नाहीत? की आम्हाला काही दिसतच नाही?

तर मला दिसलं. म्हणजे… मला नाही, ह्यांना दिसलं. आणि तिथेच तर सगळी गोम आहे!

माझा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नाही. उभा जन्म रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये गेला. हे गार्ड – हल्ली त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. ह्यांच्या ड्युट्या अडनिड्या वेळेला, मी एकटी घरात, मागे चिंचेचं झाड… पण भूत सोडा, कधी चोरसुद्धा आला नाही.

आता आम्ही बडोद्याजवळ बाजव्याला राहतो. गच्चीतनं रिफायनरीची ज्योत दिसते. मला दिसते, ह्यांना नाही. ह्यांना काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलीय ती सांभाळा. तेव्हापासून मी फोटो काढायला लागले. शिकवलं कुणी नाही, आपलं आपणच. गाड्यांचे, होड्यांचे, मांडवीच्या दुकानांचे, लहरीपुऱ्यातल्या गर्दीचे. घरी आले की टॅबवर हे एवढे मोठे करून ह्यांच्या नाकाशी धरते. हे म्हणतात, "कुमुद, तू काढलेल्या गाडीला नेहमी शेवटचा डबा नसतो. गार्डला काय तू नोकरीवरनं काढलंस?"

पण त्यांना हवा होता एकच फोटो.

त्याचं असं आहे – गार्डचं काम म्हणजे झेंडी दाखवायची आणि समोरून उत्तर घ्यायचं. स्टेशन सोडताना, शेजारून दुसरी गाडी जाताना. इकडून हिरवी, तिकडून हिरवी, की सगळं ठीक. ऑल राइट! ह्यांची सकाळची गाडी वासदच्या अलीकडे महीच्या पुलावर यायची. तिथे खाली रोज एक होडीवाला असायचा. एकदा ह्यांनी गंमत म्हणून त्याला हिरवी झेंडी दाखवली. त्या गड्यानं होडीत उभं राहून वल्हं सरळ वर धरलं! झालं… तेव्हापासून रोजचं ठरून गेलं. पुलावर ह्यांची झेंडी, खाली त्याचं वल्हं. ऊन पडलं की वल्ह्याचं टोक लखकन चमकायचं म्हणे. ना नाव माहीत, ना गाव. वर्षानुवर्षं!

शेवटी शेवटी काही दिवस तो दिसेना. आणि रिटायरमेंटच्या दिवशी, जानेवारीअखेरीस, शेवटची गाडी घेऊन हे पुलावर आले, झेंडी काढली… खाली पाणी रिकामं.

घरी हारतुरे, पेढे, सगळं झालं. पण ह्यांच्या मनात ते राहून गेलं ते गेलंच. "माझा शेवटचा सिग्नल उत्तराशिवाय राहिला, कुमुद." इतक्या वेळा ऐकलं की मीच वैतागून म्हणायची, "अहो, सर्दी झाली असेल त्याला!" पण नजर उतरायला लागली तसं ते बोलणंही बंद झालं. तेव्हा मात्र मी ठरवलं. म्हटलं, थोडं दिसतंय तोवर ह्यांना तो माणूस दाखवायचाच.

परवाच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. आमच्याकडे नदीची ओटी भरतात, सासूबाई भरायच्या म्हणून मीही भरते. पिशवीत तांदूळ, नारळ आणि हिरवा खण घेतला. ह्यांना म्हटलं, "चला महीवर. ओटीही होईल, फोटोही होतील." रिक्षा केली.

आणि धुकं काय सांगू! घराबाहेर आलो तर रिफायनरीची ज्योतसुद्धा दिसेना. रिक्षावाला म्हणतो, "मासी, आमां फोटो शेनो पाडशो?" ह्यातून फोटो कसला काढणार, म्हणून हसत होता मेला. पण मला असा हुरूप आला होता! धुक्यातली गाडी कधी मिळाली नव्हती मला.

काठावर पोचलो. रिक्षावाला वर रस्त्यावरच थांबला. ह्यांना दगडावर बसवलं, मफलर नीट केला. समोर म्हणाल तर दुधाच्या पातेल्यात डोकावल्यासारखं पांढरं. पुलाचा एक खांब दिसे, दुसरा नाही. दोन फोटो काढले – एक खांबाचा, एक चुकून माझ्या बोटाचा. पाणी काठाला चुबुक चुबुक करत होतं, बाकी चिडीचूप.

मग गाडीचा आवाज आला. पुलावरचा तो धडधडाट… छातीत वाजतो हो! मी फोन वर धरला. आणि मागे हे ताडकन उभे राहिले.

"आला! कुमुद, आला बघ!"

"कोण आला?"

"तो! दुसऱ्या खांबाच्या अलीकडे. उभा राहतोय… झेंडी कुठाय माझी?"

"अहो, तुम्हाला माझ्या कपाळावरची टिकली दिसत नाही, नि होडी दिसते?"

पण ऐकतायत कुठे! माझ्या पिशवीत हात घातला, हिरवा खण ओढून काढला नि हात लांब करून हलवायला लागले.

"अहो, नदीच्या ओटीचा खण आहे तो!"

"फोटो काढ आधी! डावीकडे… अजून जरा. हां! वल्हं वर केलंन्! काढ, काढ!"

मला शप्पथ काही दिसत नव्हतं. नुसतं पांढरं. पण ह्यांचा आवाज असा, जसा पहिल्या प्रमोशनच्या दिवशी होता. मी आपली दाबत सुटले बटण.

गाडी गेली. हे खाली बसले. खण घडी करून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "ऑल राइट."

मी फोटो उघडले. पहिला पांढरा. दुसरा पांढरा. तिसरा…

अंगावर काटा आला, लिहिताना आत्तासुद्धा येतोय! वर पुलावर गाडीची पुसट रेघ. खाली होडी. होडीत उभा माणूस, डोक्याला फडकं. हातात वल्हं, सरळ आभाळाकडे. आणि वल्ह्याच्या टोकाला एक लखलखीत ठिपका. ऊन कुठे होतं हो तेव्हा?

मी फोन ह्यांच्या डोळ्यांशी नेला. त्यांनी हळूच बाजूला केला. "मी पाहिलं. आता तू बघ."

धुकं जरा विरळ झालं तसं काठावरच्या चहाच्या टपरीशी गेलो. चालवणारा पन्नाशीचा असेल, रमणभाई. त्याची स्वतःची होडी बाहेर बांधलेली होती. मी विचारलं, "भाई, सकाळी पाण्यात कोण होतं?"

"कोई नहीं, मासी. एवढ्या धुम्मसमध्ये होडी कोण काढणार?" तो आमच्यासाठी गुजराती-हिंदी-मराठी सगळं एकत्र कालवून बोलत होता.

मी फोटो पुढे केला. त्याच्या हातातली किटली तशीच राहिली. 

"आ तो मारा बापा छे."

त्याचे वडील. मी म्हटलं, मग बोलाव त्यांना, आमचे हे किती वर्षं शोधतायत! तर तो नुसता टपरीमागे घेऊन गेला. तिथे एक जुनी होडी पालथी पडली होती, तळाला भोक, त्यातून गवत वर आलेलं. आणि छपराच्या वाशांत वल्हं खोचलेलं – कोरडं, जळमटं धरलेलं. पात्याच्या टोकाला तेलाच्या डब्याचा पत्रा, खिळ्यांनी ठोकलेला.

"बापाने ठोकला होता. आम्ही चिडवायचो, वल्ह्याला दागिना कशाला? तर म्हणायचा, उपर पेला गार्डसाहेबने देखाय ने, एटले!"

वरच्या त्या गार्डसाहेबांना दिसावं म्हणून! ऐकलंत?

 मी विचारलं, "कधी गेले?" रमणभाईनं सांगितलं ते ह्यांच्या रिटायरमेंटचंच वर्ष. संक्रांत झाली आणि म्हातारा गेला, ह्यांच्या शेवटच्या गाडीच्या थोडंच आधी. अंथरुणावर पडल्या पडल्या एकच घोर लावून घेतला होता म्हणे – "साहेब झेंडी दाखवत असतील, आणि खाली कोणीच नाही. त्यांना कोण सांगणार?"

ह्यांनी वल्हं खाली काढायला लावलं. दिसत नव्हतं ना, म्हणून बोटांनी पत्रा चाचपला, एकेक खिळा चाचपला. मग मला म्हणाले, "खण दे." आणि तो हिरवा खण वल्ह्याला बांधला. नदीची ओटी मग मी नुसत्या तांदूळ-नारळावर भरली. महीमाता समजून घेईल, बाईच आहे ती!

सूनबाई म्हणते, "आई, हल्लीचे फोन स्वतःच चित्र रंगवतात." असेल बाई! पण फोनला पत्र्याचं कुणी सांगितलं? आम्हालाच माहीत नव्हतं. आणि ह्यांना टिकली न दिसता होडी कशी दिसली? डॉक्टरांना विचारलं, ते हसले. मला काही उत्तर सापडलेलं नाही… आणि खरं सांगू? ह्यांना त्यांचं सापडलं, एवढं बास आहे मला. आता घरात पुन्हा बडबड सुरू झालीय, "कुमुद, शेवटचा डबा घे गं फोटोत!"

रमणभाईनं ते वल्हं काठावर रोवलंय, खणासकट. तेव्हा तुम्ही या हं लवकर. बाजव्याला आमच्याकडेच उतरायचं, सेव-उसळ करते. अहमदाबादकडनं सकाळच्या गाडीनं आलात तर महीच्या पुलावर खिडकीशी बसा. हात बाहेर नका काढू, पण जवळ हिरवं काही असेल तर काचेला लावा… रुमाल, ओढणी, काहीही. खाली काठावर बऱ्याचदा आम्ही दोघं असतो. उत्तर मिळेल.