पाच नंबरच्या पाइपातला वास

आधीच सांगतो, भूत, चेटूक, अंगात येणं यातलं मी काही मानत न्हाई. सारी जिंदगी बोअरच्या गाडीवर गेली. मसनवट्याच्या कडेला बोअर पाडले, तिथंच भाकर खाल्ली, तिथंच घोरलो. कोणी आलं न्हाई. चौथी शिकलेला माणूस हाय, नातीच्या मोबाईलवर एकेक अक्षर दाबून लिहून राहिलो. चुकलं तर समजून घ्या... पण हे सांगितल्याबिगर ऱ्हाववत न्हाई!

आणखी एक. अकरा वर्षांमागं कॉम्प्रेसरचा पाइप सुटून माझ्या डोक्यात बसला. जीव वाचला, नाक गेलं. वास म्हणून येत न्हाई — दूध नासलं, भाजी करपली, गटार फुटलं, समदं सारखंच. घरात माझ्या वाटणीचं बायको हुंगायची. कौसा. "काढा तो सदरा, कुबट मारायलाय," म्हणायची. मागच्या संक्रांतीला ती गेली. तवापासून कोणता सदरा घालतो, मलाच मालूम न्हाई.

दुष्काळाचं साल. उदगीर जिल्हा होणार म्हणून चौकात बोर्ड लागलेले, अन् नळाला पाणी न्हाई. लातूर-उदगीर रोडला एक बंद पडलेला पेट्रोल पंप. त्याची जमिनीतली टाकी गळालेली. पेट्रोल कोणत्या बाजूला चाललंय ते बघायला पाच बोअर घ्यायचे होते — प्यायला न्हाई, नुसतं तपासायला. माझा भाचा बोअरच्या गाडीवर ड्रायव्हर. म्हणला, "मामा, घरात बसून सडून जाल. चला." गेलो.

बोअर पाडला की आत बारीक चिरांचा पाइप, भोवती खडी, वरून सिमेंट, टोपण, कुलूप. मग दोरीला बांधलेला नळीसारखा लांबडा पोहरा सोडायचा. जुनं पाणी उपसून ड्रममध्ये टाकायचं, ताजं आलं की बाटली काठोकाठ भरायची. आत एक बुडबुडा दिसला की तपासणीची म्याडम परत भरायला लावायची. चार पाइपांत तेलच तेल. म्याडमनं तोंडाला फडकं बांधलं, भाच्याचं डोकं वासानं दुखाया लागलं. मी आपला मजेत. नाकच न्हाई तर फिकीर कशाची!

पाचवा पाइप वरच्या अंगाला, वस्तीच्या हापशापाशी. हापशावर बायांची ही रांग. म्याडम म्हणाली, "काका, हा चढ आहे. इकडं पेट्रोल यायचं नाही. फक्त खात्रीसाठी बघू."

दुपारचे चार. पोहरा वर ओढला. पाणी काचेसारखं. अन् एकाएकी — वास! आधी मिसरीचा. तव्यावर भाजलेली, कौसा सकाळी दाताला लावायची ती. मी गर्रकन मागं वळलो. मागं नुसता फुफाटा. अन् त्याच्या मागून पेट्रोल... असा भपकारा की डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांनी! मी ओरडलोच, "म्याडम, हितं तेल हाय!"

तिनं हुंगलं. भाच्यानं हुंगलं. "मामा, काहीच न्हाई ओ. ऊन लागलं तुम्हाला."

मी ऐकतो व्हय! पळत हापशावर गेलो, दांडा धरला. "ओता घागरी! हे पाणी पिऊ नका!"

कडेवर लेकरू घेतलेली गयाबाई म्होरं आली. "हापसा बंद करून लेकराला काय तुझ्या तोंडाची वाफ पाजू का रं म्हाताऱ्या? ट्यांकर आठ दिसाला येतोय. जिल्हा देतेत म्हनं, आधी घागर भरू द्या!"

तिचंबी खरं होतं. मी चुकलो असतो तर त्या लेकराच्या तोंडचं पाणी मीच काढलं असतं. "चुकलो तर हितंच जोड्यानं हाणा," म्हणलो, "पण दांडा सोडणार न्हाई."

शेवटी म्याडमनं वैतागून हापशाचीबी एक बाटली भरली अन् तहसीलला फोन करून रोज ट्यांकर मागवला. रिपोर्टला सहा दिवस. सहाही दिवस हापशाला साखळी घालून मी तिथंच. बायांनी माझ्या सात पिढ्या काढल्या. एकीनं तर शेण फेकलं.

अन् रिपोर्ट आला! पाच नंबरात पेट्रोल विरघळलेलं, हापशातबी. भाचा रस्त्यापासूनच ओरडत आला, "मामा! मामा, नाक हाय का काय हाय!" मी नाचलो. ह्या वयात, ट्यांकरच्या सांडलेल्या पाण्याच्या चिखलात नाचलो.

म्याडम म्हणते, दिवसभर हुंगून त्यांची नाकं बधिर झाली होती, म्हणून त्यांना कळलं न्हाई. मानलं. दगडातल्या भेगेतून पेट्रोल चढाकडं गेलं. तेबी मानलं. पण माझं नाक? लातूरच्या डॉक्टरनं तपासलं, म्हणला, "बाबा, या नाकाला वास येऊच शकत नाही." त्या दुपारनंतर आलाबी न्हाई. कौसाची मिसरीची डबी कैकदा उघडली. काही न्हाई. उत्तर माझ्याकडं न्हाई, कोणाकडं असलं तर सांगा.

पाइपांची राखण आता माझ्याकडंच हाय. ट्यांकर आला की गयाबाई पहिला पेला भरून माझ्याम्होरं धरते. "तात्या, हुंगा."

"बाई, मला वास येत न्हाई. तुझं तू हुंग."

ती हलत न्हाई. मागं समदी रांग थांबलेली. मग मी पेला नाकाला लावतो, डोळे मिटतो, वाट बघतो... अन् दरवेळी ते नुसतं पाणीच असतं.