फौजीमामांची खुर्ची

पेठेतील तमाम बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सात डिसेंबर उजाडला असून आमचे फौजीमामा याही वर्षी पकडले गेले आहेत!

पकडणारे शत्रू नव्हते, शाळेची ध्वजदिन समिती होती. नव्वद-पंच्याण्णवचा काळ. सैनिकांच्या कुटुंबांसाठी स्वातंत्र्यानंतर सुरू झालेला हा दिवस आमच्याकडे खिशाला कागदी झेंडा टोचून आणि मामांना व्यासपीठावर बसवून साजरा होई. रिक्षा येई, मामांच्या डोक्याला फेटा आवळला जाई आणि दोन जाडजूड पुढाऱ्यांच्या मधल्या खुर्चीत त्यांना कोंबलं जाई. प्रमुख पाहुणे हमखास उशिरा. फेटा घसरून डोळ्यांवर येई, नाकावर माशी बसे, मामा ढिम्म! एकदा मी खालून म्हटलं, "मामा, लघवीला तरी जाऊन या की!"

ओठ न हलवता ते म्हणाले, "हुकूम न्हाय."

हा सगळा छळ ते सोसत, ते दोन मिनिटं माइक मिळावा म्हणून. त्यांना एक नाव घ्यायचं होतं. एकाहत्तरच्या लढाईत मामा जखमींचा ट्रक चालवत होते. सोबतीला शाहूवाडीकडचा गणपा कांबळे. ट्रक पोहोचला, गणपा नाही. पुढे त्याची आईही गेली, आणि ते नाव घेणारं मामांशिवाय कुणी उरलं नाही.

भाषणाची तालीम आदल्या संध्याकाळी मामींच्या चुलीपुढे होई. हातातलं लाटणं म्हणजे माइक. समोरच राहत असल्यामुळे मी फुकटचा प्रेक्षक.

"गाडी चिखलात रुतली. गणपा ढकलाय उतरला. गाडी सुटली तसा वरडला, 'थांबू नगंस! आत पोरं हायती!' मागनं गोळं पडाय लागलं..."

इथे लाटणं हळूहळू खाली येई. भाकरी थापता थापता मामी पुढचं सांगत, "आनि मी थांबलो न्हाय. म्हना की!"

दुसऱ्या दिवशी शाल, नारळ, टाळ्या, पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं. मग निवेदन करणारे गुरुजी घड्याळ बघत, "वेळेअभावी आता थेट आभारप्रदर्शन." मामा शाल घेऊन परत.

मामी करवादत, "शालींचं दुकान घाला आता! फुडच्या सालाला अजिबात जायाचं न्हाय."

"फुडच्या सालाला देत्यात बघ बोलायला," मामा म्हणत आणि शाल ट्रंकेत टाकत.

दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यात मामा गेले. डिसेंबरात समितीनं त्याच खुर्चीत मामींना नेऊन बसवलं. शाल झाली, नारळ झाला, टाळ्या झाल्या. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, "वेळेअभावी..." लोक चपला शोधू लागले. मामी उठल्या. त्यांनी नारळ गुरुजींच्याच हातात कोंबला आणि माइक ओढून घेतला.

"बसा खाली सगळी! गणपा कांबळेचं सांगून झाल्याबिगर एकानंबी जागचं हलायचं न्हाय!"