आपल्या माणसाला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — तिला सांगायला हवं होतं, तरी नाही.

बेळगावच्या एका दैनिकात मी बातमीदार होतो. बातमीत बातमीदार दिसता कामा नये, हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच शिकवलं गेलं. पुढं ती सवय इतकी अंगात मुरली की — पण नको. धंद्यावर ढकललं की मी सुटतो. मुलीपासून सुरू करतो.

सुमन. घरात सुमी. आम्ही शहापुरात राहायचो. विणकरांच्या गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट, आणि सुमीला आवाज सोसत नसे. कान दाबून ती कोपऱ्यात बसायची. चालायला उशिरा लागली. बोलायची ती मोजकंच — आई, आप्पा, दे, नको. डॉक्टर म्हणाले, बुद्धीची वाढ कमी आहे, तशीच राहील. एकदा शिकलेलं मात्र ती विसरत नसे.

कचेरीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं तर ‘एक मुलगी आहे’ म्हणायचो आणि दुसरा विषय काढायचो. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय, घरात असं मूल आहे कळलं तर स्थळं परत जातील — हे कारण मी स्वतःला देत असे. लग्न झालं. बहीण निपाणीला नांदू लागली. मग कारण कुठलं उरलं होतं?

कॅम्पात सेसिलबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचा भाचा रॉबी सुमीसारखाच. शिवाय त्याला साखरेचा आजार. नाताळात सगळ्यांच्या तोंडात गोड आणि हा बघत बसतो, हे बाईंना बघवेना. म्हणून ऐंशीच्या सुमारास त्यांनी आपल्या घरी अशा मुलांचा वेगळा नाताळ सुरू केला. फटाके नाहीत, बँड नाही, पडदे अर्धे ओढलेले. मुलांनी आधीच डब्यांत नाचणी पेरलेली असायची. तिचे कोवळे कोंब येशूच्या गोठ्याभोवती शेत म्हणून मांडायचे. सगळ्यांनी मिळून एक गाणं नुसतं गुणगुणायचं. मग कुलकुलं — पिठाची गोळी फणीच्या पाठीवर दाबायची, गुंडाळायची, शंखासारखी होते. गोव्याकडचे लोक ती तळून पाकात घोळवतात. बाईंकडे पाक नव्हता. कुणालाच नाही, म्हणजे रॉबीला वेगळं काढायला नको. शेवटी बाई प्रत्येक मुलाच्या हातात त्यानं केलेलं कुलकुल द्यायच्या आणि म्हणायच्या, “आता आपल्या माणसाला द्या.”

सुमी वर्षभर त्या दुपारची वाट बघायची. मी तिथं कधी गेलो नव्हतो. तिला बायकोच न्यायची.

एका वर्षी संपादकांनी बातमीसाठी मलाच तिकडं पाठवलं. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणता आलं असतं. घरची गोष्ट आहे, असंही म्हणता आलं असतं. म्हणालो नाही. फोटोग्राफर शिवा बरोबर होता — चांगला माणूस, तोंड मात्र सतत चालू.

“अण्णा, अंधारात काय फोटो काढू? आणि सांताक्लॉज कुठं हाय वो, बाई?”

“त्याच्या दाढीला भिऊन गेल्या वर्षी दोन पोरं दिवसभर रडली,” बाई म्हणाल्या. “यंदा त्याला रजा दिली.”

शिवा हसला. मीही हसलो. बायको आत, इतर मुलांच्या आयांबरोबर तळणाशी होती. मी दाराशी उभा राहून लिहून घेत होतो. मान खाली ठेवली, तर सुमीला दिसणार नाही असं वाटलं होतं का? कदाचित.

बाईंनी कुलकुलं वाटली. मुलं उठली. सुमी सरळ माझ्याकडे आली. दोन्ही तळहातांवर कुलकुल धरलेलं, वाटेत पडू नये म्हणून नजर त्याच्यावरच. माझ्यासमोर थांबली. “आप्पा,” म्हणाली. “दे” आणि “घे” यांतला फरक तिला कळत नसे. “आप्पा, दे.”

शिवानं कॅमेरा खाली घेतला. “कोण वो ही, अण्णा? तुमची?”

“न्हाय रं,” मी म्हणालो. “आमच्या गल्लीतली हाय.”

इथवरच असतं तर — नाही, इथवरच नाही. मी सुमीकडे वाकलो, आणि हे मी अगदी हळू, प्रेमानं म्हणालो, “मला नको, बाळ. तुझ्या माणसाला दे.”

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग वळून स्वयंपाकघरात आईकडे गेली. सेसिलबाईंनी पाहिलं होतं. गोठ्यातली एक मेंढी उचलून त्यांनी पुन्हा तिथंच ठेवली.

बातमी दुसऱ्या दिवशी आली. तीत एकही चूक नव्हती.

सुमीनं मला पुन्हा आप्पा म्हटलं नाही. बायको वाटी देऊन म्हणायची, “आप्पाला दे जा.” ती वाटी माझ्याजवळ जमिनीवर ठेवायची आणि मागं सरायची. पुढच्या नाताळला मी रजा काढून गेलो. चटईवर सगळ्यांसारखा बसलो, हात पुढे केला. तिनं कुलकुल आईला दिलं. मी हात तसाच ठेवला. रागानं नव्हतं ते. मी शिकवलं होतं तेच ती करत होती.

काही वर्षांनी बायको आजारी पडली, आणि उठणार नाही हे दोघांना कळलं. तिला एकच घोर होता.

“माझ्यामागं ही तुमच्याजवळ कशी ऱ्हाईल वो? तुम्हाला बघून मागं का सरती?”

“स्वभाव हाय तिचा,” मी म्हणालो.

तिनं सुमीकडं पाहिलं. मग म्हणाली, “स्वभाव न्हाय. माझंच चुकलं. मीच लई चिकटून ठेवलं तिला. तुमची सवयच लागू दिली न्हाय.”

मी तिचं पांघरूण नीट केलं. सुमी उशाशी बसली होती. तिला सांगता येत नव्हतं. मला येत होतं.