रोझीमावशीचा पाय फातिमाला जातो

जुलैच्या दुपारी दुबईत गाडी उघड्यावर लावू नये, हे इथला उंटही सांगेल. माझ्या मित्राला, ग्लेनला, मात्र अकरा वर्षं इथे काढूनही ते सुचलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी आमचं लिस्बनचं विमान होतं. मी अबुधाबीहून बॅग घेऊन जुमेरा लेक टॉवर्सला त्याच्या ऑफिसखाली आलो, दोघांनी एसीत बसून बिर्याणीचा डोंगर सपाट केला आणि बाहेर येऊन पाहतो तर मागच्या सीटवर पाय नव्हता. पायाची आंबोळी होती.

पाय मेणाचा. ग्लेनच्या मम्मीने, वसईच्या रोझीमावशीने, उशाशी ठेवून त्यावर नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) म्हटली होती आणि तो पोर्तुगालातल्या फातिमा गावच्या देवमातेला, फातिमामाईला, वाहायला पाठवला होता. सोमवारी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन. दोनदा तिने तारीख मोडली होती. "पाय पोचल्याशिवाय मी डॉक्टरला हात लावू देणार नाही," असं तिने सगळ्या वाडीला ऐकवलं होतं.

"तिथे नवा घेऊ," मी म्हटलं.

"आणि त्यावर नोवेना कोण म्हणणार? तू?"

मी बिर्याणीची ढेकर दिली.

"मग यल्ला (चल), खरवड!" ग्लेन ओरडला.

मेट्रोच्या कार्डाने खरवडून आम्ही नारळाएवढा गोळा केला. विमानतळावर तपासणीच्या यंत्राने तो पाहून हंबरडा फोडला. पठाणी मिशांच्या शिपायाने गोळा हुंगला. "भाई, ये क्या है?"

"अम्मा का पाँव," ग्लेन म्हणाला.

शिपायाने दोन्ही हातांनी तो परत बॅगेत ठेवला. "अल्ला शिफा दे (बरं करो)."

लिस्बनला उतरलो आणि वाऱ्याने माझं अर्धं वजन उडवून नेलं. तिथले चढ असे की ट्रामसुद्धा मध्ये थांबून पाणी मागते. दुकानांत दरवाजाएवढे खारवलेले मासे टांगलेले, वास येताच ग्लेन डोळे मिटून म्हणाला, "आलो रे घरी!" खरंच आहे. हे लोक दोनशे वर्षं आमच्या वसईत पाहुणे होते. आम्ही चार दिवस परतभेटीला आलो तर काय बिघडलं?

शनिवारी दुपारी भाड्याच्या खोलीत पाय घडवायला बसलो. ग्लेनने केस वाळवायच्या मशीनने मेण मऊ केलं. साचा हवा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुझा गुडघा जाड आहे. मम्मीसारखा."

"मावशीला सांगू का हे?"

मेण माझ्या गुडघ्यावर थापलं. मग ते निघेना. मी अशी बोंब मारली की समुद्रातली जहाजं मागे फिरली. घरमालकीणबाई धावत आल्या. सत्तरीच्या, पांढऱ्या अंबाड्याच्या. मी अर्ध्या चड्डीत, पायाला मेण, ग्लेनच्या हातात मशीन. खुलासा करायला आम्हाला पोर्तुगीज येत नव्हतं. ग्लेनने मेणावर क्रूस काढला आणि म्हणाला, "मम्मी."

"फातिमा?" बाईंनी विचारलं. स्वतःचा गुडघा थोपटला. मग ऑलिव्हचं तेल आणून माझ्या पायाला असं चोळलं, की आयुष्यात एवढी माया मला कोणी लावली नव्हती. मेणाचा पाय अलगद निघाला. माझे केस त्यातच राहिले.

रविवारी बसने फातिमाला गेलो. केवढं ते पटांगण, आमची अबुधाबीची अख्खी खलिफा सिटी त्यात मावून वर पार्किंगला जागा उरेल! संगमरवरी वाटेवरून माणसं गुडघ्यांवर चालत होती. ग्लेनही गुडघ्यांवर बसला आणि त्याच वाटेने निघाला. मी पाय हातात धरून शेजारून चाललो. शेवटी, जिथे लोक नवसाचं मेण जाळतात, त्या ज्वाळांत पाय ठेवला; तो शांतपणे वितळला.

लगेच फोन लावला.

"वाहिला?" मावशीने विचारलं.

"वाहिला, मम्मी."

"सगळा?"

"सगळा," ग्लेन म्हणाला.

सोमवारी ऑपरेशन झालं. आम्ही परत आलो; दुबईच्या उन्हाने दारातच मिठी मारली. पंधरा दिवसांनी ग्लेनच्या गाडीत बसलो असताना मावशीचा फोन आला. चर्चला चालत जाऊन आली होती! "गुडघा एकदम बेस्ट. फक्त त्याच पायाची करंगळी बधिर आहे रे, काय झालं कळत नाही."

ग्लेनने गाडी बाजूला घेतली. आम्ही दोघं मागे वळलो. सीटच्या शिवणीत मेणाचा एक थेंब होता, शेंगदाण्याएवढा.

माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून तो थेंब मी जपून ठेवलाय. पुढच्या सुट्टीत फातिमाला न्यायचाय, तोवर फ्रिजमध्ये.